पोटाचं डायलिसिस, घरातलं दुसरं माणूस

दोन लिटरची एक बॅग. पोटाचं डायलिसिस करणाऱ्या माणसाला दिवसाकाठी अशा तीन लागतात, कुणाला चार. तीन धरल्या तरी महिन्याला नव्वद होतात आणि त्यांचं वजन दोनशे किलोच्या आसपास भरतं. हा सगळा माल खोक्यांतून घरी येतो. धारमधल्या जुन्या घराच्या माजघरात किंवा देवासच्या कारखाना वसाहतीतल्या दोन खोल्यांत तो ठेवायचा कुठे, इथून प्रश्न सुरू होतात. ऊन लागता कामा नये, ओल लागता कामा नये, उंदीर पोचता कामा नयेत. मग पलंगाखाली, कपाटाच्या माथ्यावर, मुलांच्या अभ्यासाच्या टेबलामागे खोकी रचली जातात. पुरवठादाराला फोन करायचा, आलेली खोकी मोजून घ्यायची, मुदतीची तारीख बघायची, जुना माल पुढे काढून नवा मागे लावायचा. ही कामं करणारं माणूस बहुतेक घरांत रुग्ण नसतं. ती त्याची बायको असते.

मूत्रपिंडं निकामी झालेल्या माणसाला जगवण्याचे तीन मार्ग आहेत. कुणाचं तरी मूत्रपिंड मिळणं, आठवड्यातून दोनतीनदा रुग्णालयात जाऊन मशीनवर रक्त शुद्ध करून घेणं, किंवा घरीच पोटातल्या पडद्याचा उपयोग करून रक्तातली घाण बाहेर काढणं. तिसऱ्या मार्गाला डॉक्टर सीएपीडी म्हणतात. माळव्यातल्या मराठी घरांत त्याला पोटाचं डायलिसिस म्हणतात, शेजारची हिंदी बोलणारी मंडळी ‘पेट वाला डायलिसिस’. बेंबीच्या खाली एक मऊ नळी कायमची बसवलेली असते. तिच्यातून साखर आणि क्षार असलेलं दोन लिटर पाणी पोटात सोडायचं, चारसहा तास तिथे ठेवायचं, मग ते काढून टाकून नवं भरायचं. आतड्यांभोवतीचा पातळ पडदा तेवढ्या वेळात गाळणीचं काम करतो. एका बदलाला अर्धा-पाऊण तास लागतो. दिवसातून तीन-चार वेळा, रविवारीसुद्धा, दिवाळीच्या पहाटेसुद्धा.

ऐकायला सोपं वाटणारं हे काम करताना काय काय सांभाळावं लागतं ते नीट पाहिल्याशिवाय पुढचं बोलणं व्यर्थ आहे. खोली आधी पुसून घ्यायची. दार-खिडक्या लावायच्या, पंखा बंद करायचा, अगदी मे महिन्यातही, कारण धुळीचा एक कण चुकीच्या जागी गेला तरी महागात पडतं. तोंडाला मास्क लावायचा. नखं कापलेली हवीत, बांगड्या-अंगठ्या काढून ठेवलेल्या हव्यात. साबणाने कोपराच्या दिशेने हात धुवायचे, स्वच्छ कपड्याने कोरडे करायचे आणि मग मध्ये कशालाही शिवायचं नाही; फोन वाजला तरी नाही, बाळ रडलं तरी नाही. बॅग अंगाच्या उबेइतकी गरम झालेली हवी, पण ती उकळत्या पाण्यात बुडवून चालत नाही. नळीचं टोक आणि बॅगेचं टोक जोडण्याचा क्षण सर्वांत जोखमीचा. तिथे बोट लागलं तर जंतू थेट पोटात जातात. बाहेर आलेलं पाणी उजेडात धरून बघायचं. ते फिकट पिवळं आणि नितळ असायला हवं. गढूळ दिसलं, पोट दुखलं, ताप आला, तर उद्याची वाट न बघता रुग्णालय गाठायचं. पोटातल्या पडद्याला जंतुसंसर्ग झालेला असतो. मग किती पाणी आत गेलं, किती बाहेर आलं, वजन किती, रक्तदाब किती, हे वहीत लिहायचं. बॅगांमध्ये साखरेचं प्रमाण वेगवेगळं असतं, दीड टक्का, अडीच, सव्वाचार. पायाला सूज दिसली की जास्त साखरेची बॅग लावून जास्त पाणी ओढून काढायचं. म्हणजे रोज सकाळी नवऱ्याच्या घोट्यावर अंगठा दाबून, खळगा किती पडतो ते पाहून, आज कुठली बॅग लावायची हे ठरवणारी बाई प्रत्यक्षात उपचाराचा निर्णय घेत असते. हे शिकवायला रुग्णालयं एखाद-दोन आठवडे घेतात. त्यानंतर ती आणि तिची वही.

धार आणि देवास ही दोन्ही गावं मराठी वाचकाला परकी नाहीत. अठराव्या शतकात पवारांनी इथे राज्यं उभी केली. धारला एक गादी, देवासला तुकोजी आणि जिवाजी या दोन भावांच्या दोन, थोरली पाती आणि धाकटी पाती, एकाच गावात दोन दरबार. त्यांच्यामागून आलेली कारकून, पुराणिक, शिक्षक, शिलेदारांची मराठी घरं अजून तिथे आहेत. पुढे देवासला बँक नोट प्रेस आली, किर्लोस्करांसारखे कारखाने आले, धार जिल्ह्यात पीथमपूर उभं राहिलं, आणि मराठी माणसांची आणखी एक लाट आली. डायलिसिसच्या दृष्टीने मात्र या जिल्ह्यांचा नकाशा वेगळा वाचावा लागतो. देवासहून इंदूर पस्तीस-चाळीस किलोमीटर, धारहून साठेक. मूत्रपिंडाचे तज्ज्ञ, प्रत्यारोपणाची सोय, मोठी रुग्णालयं इंदूरला. जिल्ह्याच्या गावी राहणारा रुग्ण तसा नशीबवान. धार जिल्ह्यातलं कुक्षी धारपासून शंभरेक किलोमीटर लांब आहे, देवास जिल्ह्यातलं खातेगाव देवासपासून त्याहूनही थोडं जास्त. इंदूर-दाहोद रेल्वेची पायाभरणी २००८ साली झाली, तरी पुढची कित्येक वर्षं धारकरांचा भरवसा बसवरच राहिला.

आता कुक्षीच्या बाजूचा एक रुग्ण मनात धरा. त्याला मशीनवर जायचं आहे. आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येक वेळी चार तास. जाणं-येणं धरून त्या दिवसाचं काहीच उरत नाही. मशीनवरून उतरलेला माणूस गळून गेलेला असतो, त्याला एकट्याला बसमध्ये चढवत नाहीत, म्हणून बरोबर बायको. तिची मजुरी बुडते. आठवड्याच्या सात दिवसांतले तीन दिवस दोघांचे गेले. तीनऐवजी दोनदाच जाऊ या, असं ते ठरवतात आणि पुढच्या वेळी तो धापा टाकत पोचतो. प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ साली जाहीर झाला आणि जिल्हा रुग्णालयांत गरिबांसाठी मोफत मशीन आली, हे फार मोठं काम झालं. त्याने वाचवलेली माणसं आज हिंडती-फिरती आहेत. त्या वेळी सरकारनेच दिलेला अंदाज असा होता की देशात दरवर्षी सुमारे २.२ लाख माणसांची मूत्रपिंडं शेवटच्या टप्प्याला पोचतात आणि त्यामुळे वर्षाला ३.४ कोटी डायलिसिसची नवी गरज तयार होते. जिल्ह्याच्या गावातली काही मशीन एवढ्या गरजेला पुरणार नाहीत, आणि पुरली तरी शंभर किलोमीटरचा रस्ता तसाच राहतो.

शिवाय पाणी. मशीनवरच्या एका डायलिसिसमध्ये मिनिटाला साधारण अर्धा लिटर द्रावण वाहतं. चार तासांचे १२० लिटर होतात. हे पाणी अतिशुद्ध लागतं, आणि ते तयार करताना आणखी बरंच वाया जातं. देवासने पाण्याचं दुर्भिक्ष भोगलेलं आहे. १९९० साली या गावाला आगगाडीने पाणी आणावं लागलं होतं. २००६ पासून उमाकांत उमराव हे जिल्हाधिकारी असताना शेतकऱ्यांनी शेततळी खोदायला घेतली आणि जिल्ह्याचं चित्र पालटलं, पण उन्हाळ्यातली टंचाई आणि विजेचं जाणं-येणं माळव्यातल्या खेड्याला नवं नाही. अशा ठिकाणी घरी रक्त शुद्ध करणारी मशीन बसवणं ही श्रीमंतांची गोष्ट. पोटाच्या डायलिसिसला मात्र वीज लागत नाही, शुद्धीकरणाचं यंत्र लागत नाही. तयार बॅग, खुंटी, स्वच्छ कोपरा आणि धुतलेले हात एवढं पुरतं. म्हणून माझं ठाम मत आहे की धार आणि देवाससारख्या पसरलेल्या जिल्ह्यांना घरच्या डायलिसिसची गरज शहरांपेक्षा जास्त आहे. खालचं सगळं त्याच्या विरोधात लिहिलेलं नाही.

घरचं डायलिसिस माणसाला खरोखर पुष्कळ परत देतं. रक्त रोज थोडं थोडं शुद्ध होत राहतं, त्यामुळे मशीनवरच्या रुग्णाला होणारे चढउतार कमी होतात. उरलीसुरली लघवी जास्त दिवस टिकते. पाणी पिण्यावरचं बंधन थोडं सैल होतं. केळं, टोमॅटो, बटाटा यांकडे मशीनवरच्या रुग्णाला भीतीने पाहावं लागतं. पोटाच्या डायलिसिसवाल्याला बहुधा थोडी मोकळीक मिळते, उलट त्याला डाळ, अंडं, पनीर जास्त खायला सांगतात, कारण पाण्याबरोबर रोज प्रथिनं वाहून जातात. दुकान चालवता येतं, शाळेत शिकवता येतं. बॅगा बरोबर घेऊन भाचीच्या लग्नाला जाता येतं. फराळाच्या ताटातल्या शेवेवर आणि चिवड्यावर मिठामुळे डोळा ठेवावाच लागतो, आणि माळव्यात शेवेला नाही म्हणणं सोपं नाही. तरीही दिवाळी रुग्णालयाच्या खाटेवर न जाता घरात जाते. हे सुख लहान नाही.

या सुखाची किंमत कोण देतं, हा पुढचा प्रश्न.

रुग्णालयात असताना नर्स, तंत्रज्ञ, सफाई कामगार, आहारतज्ज्ञ असे पाचसहा लोक मिळून जे करतात ते घरी आल्यावर एका माणसावर येतं. तिला पगार नाही, पाळी बदलत नाही, रजा नाही. सकाळी सहाचा बदल, दुपारी बाराचा, संध्याकाळी सहाचा, रात्री झोपण्याआधीचा. मधल्या वेळात स्वयंपाक, मुलं, सासू-सासरे, नोकरी असेल तर नोकरी. माहेरी जायचं म्हटलं तर दोन बदलांच्या मध्ये जाऊन यावं लागतं. बहिणीचं बाळंतपण, वडिलांचं आजारपण, महाराष्ट्र समाजाचा हळदीकुंकवाचा कार्यक्रम, सगळं घड्याळात बसवावं लागतं, आणि जे बसत नाही ते सुटतं. सुरुवातीला नातेवाईक येतात, डबे येतात. वर्ष उलटल्यावर येणं कमी होतं. आजार जुना झाला की तो लोकांना घरातल्या सामानासारखा वाटू लागतो.

यापेक्षा जड आहे ती भीती. पाणी गढूळ आलं तर ते माझ्या हातून झालं, हा विचार तिला झोपू देत नाही. संसर्ग अनेक कारणांनी होतो. नळीच्या बाहेरच्या बाजूने होतो, आतड्यातूनही होतो. चांगल्यातल्या चांगल्या केंद्रातही तो पूर्ण टळत नाही. पण घरात पहिला प्रश्न येतो, ‘हात नीट धुतले होते का?’ तो प्रश्न नवरा विचारतो, सासू विचारते, कधी डॉक्टरही सहज विचारून जातात. विचारणाऱ्याच्या मनात दोष देण्याचा हेतू नसेलही. ऐकणारीला तो आरोपच वाटतो. माझ्या मते घरचं डायलिसिस सुचवणाऱ्या प्रत्येक डॉक्टरने पहिल्या भेटीतच दोघांना समोर बसवून सांगायला हवं की संसर्ग कधी ना कधी होऊ शकतो, तो बहुतेक वेळा बरा होतो, आणि तो झाला म्हणजे कुणाचा गुन्हा झाला असं नाही.

नवऱ्याचं काय होतं तेही सांगायला हवं. काल घर चालवणारा माणूस आज आपलं पोट उघडं करून बायकोपुढे बसतो. ती त्याचं वजन करते, त्याचं मीठ मोजते, किती घोट पाणी प्यायला ते विचारते. काळजी आणि पहारा यांतली सीमा फार लवकर पुसली जाते. तो चिडतो, लपून लोणचं खातो, तिने सांगितलेलं मुद्दाम मोडतो. ते मिठासाठी नसतं, आपलं अजून काहीतरी चालतं हे स्वतःला पटवण्यासाठी असतं. तिला ते दिसतं आणि ती गप्प बसते किंवा भांडते. दोन्हीने थकवा येतो. आणखी एक गोष्ट आपल्याकडे कुणी बोलत नाही. पोटावर नळी, पोटात दोन लिटर पाणी, रक्त कमी, अंगात त्राण नाही. मूत्रपिंडाच्या आजारात कामेच्छा आणि क्षमता दोन्ही मंदावतात. चाळिशीतलं जोडपं एका घरात राहून हळूहळू रुग्ण आणि परिचारिका होतं. काही घरांत पलंग वेगळे होतात ते नळीला धक्का लागू नये म्हणून, आणि पुन्हा एक होत नाहीत. तपासणीच्या वेळी क्रिएटिनिन विचारलं जातं, हिमोग्लोबिन विचारलं जातं, हे विचारलं जात नाही. विचारलं तर उपाय निघू शकतात. रक्त वाढवणारी इंजेक्शनं आहेत, औषधं बदलता येतात, समुपदेशन आहे, आणि नुसतं ‘हे आजाराने होतं, तुमच्यातलं प्रेम आटल्याने नाही’ एवढं सांगितलं तरी पुष्कळ जोडप्यांच्या मनावरचा दगड उतरेल.

देवासमध्ये या विषयावर लिहिताना भानुमतीबाईंचं नाव टाळता येत नाही. १९४७ मध्ये त्यांचं कुमार गंधर्वांशी लग्न झालं, आणि लगेच क्षयाचं निदान झालं. कोरडी हवा मानवेल म्हणून १९४८ च्या जानेवारीत हे जोडपं देवासला आलं. गायचं नाही, अशी डॉक्टरांची ताकीद. नवरा अंथरुणाला खिळलेला तरुण गवई, बायको स्वतः गाणं शिकलेली. पुढची काही वर्षं त्यांनी शुश्रूषा केली, घर सांभाळलं. स्ट्रेप्टोमायसीन नावाचं नवं औषध तेव्हा नुकतंच मिळू लागलं होतं. त्याने आणि त्या शुश्रूषेने कुमार वाचले आणि १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला पुन्हा गाऊ लागले. एक फुप्फुस गमावलेल्या त्या आवाजाने पुढे काय केलं ते महाराष्ट्राला सांगायला नको. भानुमतीबाई १९६१ साली बाळंतपणात गेल्या. देवासच्या टेकडीच्या पायथ्याचं घर ‘भानुकुल’ या नावाने त्यांची आठवण ठेवतं. कुमारांच्या पुनर्जन्माची कथा आपण आवडीने सांगतो. त्या वर्षांत भानुमतीबाईंचं स्वतःचं गाणं कुठे गेलं, हे आपण फारसं विचारत नाही. तरी त्यांच्या सेवेला एक शेवट होता. औषध लागू पडलं, आजार गेला. डायलिसिसच्या घरात आजार जात नाही. प्रत्यारोपण झालं नाही तर उद्याचा बदल, परवाचा बदल, पुढच्या वर्षीचा बदल ठरलेलाच. सेवेचं कौतुक करून तिला मोकळी सोडण्याची आपली जुनी रीत इथे पुरी पडत नाही ती यामुळे.

घरी डायलिसिस करण्याची कल्पना जन्मली तेव्हापासून दुसरं माणूस तिच्यात आहे. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या सिअॅटलमध्ये मशीन मोजकी होती, आणि कुणाला जगवायचं हे ठरवायला नागरिकांची एक समिती नेमलेली होती. समितीने नाकारलेल्या एका शाळकरी मुलीसाठी तिथल्या अभियंत्यांनी १९६४ मध्ये घरी वापरता येईल असं यंत्र तयार केलं आणि ते चालवायला घरच्यांना शिकवलं. पुढे तिथे घरच्या डायलिसिससाठी घरात एक मदतनीस असणं ही अटच झाली, आणि मदतनीस म्हणजे बहुधा बायको किंवा नवरा. त्याच सुमारास लंडनमध्ये स्टॅन्ली शाल्डन नावाच्या डॉक्टरांनी वेगळा आग्रह धरला, की रुग्णाने आपलं डायलिसिस आपण करायला शिकावं. १९७२ मध्ये अमेरिकेत सरकारने डायलिसिसचा खर्च उचलण्याचा कायदा केला, तेव्हा तिथले सुमारे ४० टक्के रुग्ण घरी डायलिसिस करत होते. केंद्रांत सरकारी खर्चाने सोय झाल्यावर हे प्रमाण झपाट्याने खाली आलं. याला व्यवस्थेची आणि पैशाची कारणं होतीच. मला मात्र वाटतं, पर्याय मिळाल्याबरोबर पुष्कळ घरांनी आपला भार खाली ठेवला, एवढं त्या घसरणीतून वाचायला हरकत नाही.

भारतात घरच्या डायलिसिसचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण जयप्रकाश नारायणांचं. आणीबाणीतल्या कैदेत त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली, १९७५ च्या नोव्हेंबरात सुटल्यावर मुंबईच्या जसलोक रुग्णालयात डायलिसिस सुरू झालं, आणि पुढे पाटण्याला कदमकुआँतल्या घरी मशीन बसलं. मशीनसाठी लोकांनी वर्गणी दिली. पंतप्रधान मदतनिधीतून इंदिरा गांधींनी पाठवलेले नव्वद हजार रुपये त्यांनी परत केले. पत्नी प्रभावतीदेवी १९७३ मध्येच वारल्या होत्या. १९७९ च्या ऑक्टोबरपर्यंत जयप्रकाश जगले ते सहकाऱ्यांच्या हातांवर. तितकी माणसं प्रत्येकाच्या घरी नसतात.

आपल्याकडे हे काम बाईचं मानलं जातं याला आकड्यांचा आधार आहे, तो प्रत्यारोपणाच्या बाजूने मिळतो. राष्ट्रीय अवयव प्रत्यारोपण संस्थेने दिलेल्या माहितीप्रमाणे १९९५ ते २०२१ या काळात देशात सर्व अवयव मिळून ३६,६४० प्रत्यारोपणं झाली. त्यांपैकी पुरुषांना मिळालेली २९,६९५, स्त्रियांना ६,९४५. पाचांत चार पुरुष. यांतले बहुतेक अवयव जिवंत दात्यांनी दिलेले, आणि जिवंत दात्यांत बायका पुष्कळ जास्त. १९९४ च्या कायद्यात नवरा-बायको जवळचे नातेवाईक धरलेले आहेत, त्यामुळे बायकोने मूत्रपिंड देण्याला कायद्याची अडचण नाही. नवऱ्याने बायकोला दिल्याची घरंही आहेत आणि त्यांना मी मनापासून नमस्कार करतो, पण ती कमी आहेत.

बायको आजारी असते तेव्हा काय होतं? घरचं डायलिसिस ती स्वतः शिकते. स्वयंपाक आटोपून, ओटा पुसून, दार लावून स्वतःची बॅग स्वतः लावते. नवरा खोकी उचलून देतो, बॅगा आणून देतो. आणि ती हे व्यवस्थित करते! म्हणजे डोळे आणि हात शाबूत असलेल्या माणसाला आपला बदल आपण करता येतो, हे तिनेच सिद्ध केलेलं असतं. तरी नवरा रुग्ण असला की प्रशिक्षणाला बायकोला बोलावतात. नर्स तिलाच दाखवते, तो बाजूला बसून बघतो. ही पद्धत बदलली पाहिजे. आधी रुग्णाला शिकवा. दृष्टी गेलेली असेल, बोटं थरथरत असतील, वय फार असेल, तरच दुसऱ्याच्या हातावर विसंबा. आपला बदल आपण करणारा पुरुष चिडचिडही कमी करेल असं मला वाटतं, कारण आपल्या शरीरावरचा अधिकार त्याच्याकडे परत आलेला असेल. बायको मग राखीव खेळाडू. रोज मैदानावर नाही.

पैशाची गोष्ट थोडक्यात सांगतो. बॅगांचा खर्च महिन्याला वीस-पंचवीस हजारांच्या घरात सहज जातो. पीथमपूर किंवा देवासच्या कारखान्यातला कामगार ईएसआय या कामगार विम्याच्या छत्राखाली असेल, कुणी रेल्वेत किंवा केंद्र सरकारच्या नोकरीत असेल, तर तो निभावतो. शेतमजुराला ते अशक्य. केंद्र सरकारने २०१९ मध्ये पोटाच्या डायलिसिससाठीही मार्गदर्शक सूचना काढल्या, म्हणजे कागदावर दार उघडलेलं आहे. केरळने जिल्हा रुग्णालयांमार्फत बॅगा मोफत द्यायला सुरुवात केली. हाँगकाँगने १९८५ पासून आणि थायलंडने २००८ पासून ‘आधी पोटाचं डायलिसिस’ हे धोरण चालवलं. थायलंडमध्ये बॅगा टपाल खात्यामार्फत खेडोपाडी घरपोच जात. २०२२ मध्ये थायलंडने निवड रुग्णांवर सोडली. फ्रान्समध्ये पोटाचं डायलिसिस करणाऱ्या अनेक वृद्ध रुग्णांच्या घरी परिचारिका येऊन बदल करून जाते आणि तिचा खर्च विमा देतो. आपल्याकडे ज्या दिवशी धारच्या आणि देवासच्या खेड्यांत मोफत बॅगा पोचतील, त्या दिवशी फ्रान्सचा हा धडाही बरोबर पोचायला हवा. नाहीतर सरकार बॅगा देईल आणि मजूर घरातून फुकट घेईल.

आशा कार्यकर्ती गावोगाव आहे. तिला योग्य मानधन देऊन नळीची जागा तपासणं, वही बघणं, पाणी गढूळ आलं तर पुढे काय करायचं हे सांगणं शिकवता येईल. तिच्यावरही फुकटचं ओझं टाकून चालणार नाही, ती आधीच पुष्कळ कामं ओढते. जिल्हा रुग्णालयात महिन्यातले तीन-चार दिवस अशा रुग्णांसाठी खाटा राखून ठेवता येतील, म्हणजे घरच्या माणसाला बाहेरगावी जाता येईल, नुसतं झोपता येईल. प्रत्येक रुग्णामागे निदान दोन माणसांना शिकवलं पाहिजे. आणि उपचार ठरवताना घरच्या माणसाला एकटं बसवून, सासरच्यांच्या गराड्याबाहेर, विचारलं पाहिजे: तुम्हाला हे जमेल का, तुम्हाला हे करायचं आहे का? ती नाही म्हणाली तर ते उत्तर तिच्या नवऱ्यापर्यंत आरोपासारखं न पोचवता दुसरी सोय बघणं हे रुग्णालयाचं काम आहे.

सरकारला सांगण्यासारखं एवढं. वाचकाला सांगण्यासारखं अधिक सोपं आहे. तुमच्या नात्यात, बिल्डिंगमध्ये, समाजाच्या मंडळात असं एखादं घर असेलच. त्यांच्याकडे जाताना फळं नेऊ नका, सगळीच पथ्यात बसत नाहीत. ज्या रुग्णालयात त्यांनी शिक्षण घेतलं तिथे जाऊन एक बदल करायला तुम्ही शिका. भाऊ असाल, मेहुणा असाल, मोठा मुलगा असाल तर नक्कीच. मग रविवारी दुपारचा बदल आपल्याकडे घ्या आणि तिला सांगा, वहिनी, आज तुम्ही जाऊन या.